थेरपिस्ट नाव चुकतात तेव्हा

सहावं सेशन आहे. आईबद्दल बोलायचं हे तुम्ही आठवडाभर मनाशी ठरवलंय आणि आज धीर करून सुरुवातही केलीय. समोर बसलेल्या थेरपिस्ट मान हलवतात, थोडं पुढे झुकतात आणि म्हणतात, "म्हणजे तेव्हा तुम्हाला फार एकटं वाटलं, हो ना स्नेहा?"

तुमचं नाव स्मिता आहे.

अशा वेळी बरेच जण काहीच बोलत नाहीत. "हो" म्हणतात, वाक्य पुरं करतात, वेळ संपली की "थँक यू मॅडम" म्हणून उठतात. घरी जाताना रिक्षात मात्र डोकं त्या एका शब्दाभोवती फिरत राहतं. आईचा विषय राहतो बाजूला.

एरवी नाव चुकलं तर आपण असे गप्प बसत नाही. गॅसच्या बिलावर आडनाव चुकलं तर फोन करून दुरुस्त करून घेतो. लग्नपत्रिकेत चुकलं तर चार दिवस घरात दुसरा विषय नसतो. मग इथेच तोंडाला कुलूप का लागतं? कारण गॅस एजन्सीला आपण आपलं गुपित सांगितलेलं नसतं. जी गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला सांगितली नाही, ती आपण या माणसाला सांगितलीय. त्यामुळे पहिला विचार येतो तो हाच, की यांनी ऐकलं तरी का? की सहा आठवडे मी कोणा भलत्याच बाईच्या खात्यात माझं दुःख जमा करत होते?

दुसरा विचार लगेच मागे येतो. ही स्नेहा कोण? तीही इथेच येत असणार, याच खुर्चीत बसत असणार. तिचं नाव माझ्यासमोर निघालं, तर माझं तिच्यासमोर निघत असेल का? ही शंका अगदीच पोकळ नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या २३ व्या कलमानं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. नुसतं पहिलं नाव तोंडातून निसटलं म्हणजे कुणाचं गुपित फुटलं असं नाही, पण धाकधूक व्हायला तेवढं पुरतं.

मग फीचा हिशेब होतो. एका सेशनचे इतके, म्हणजे सहाचे इतके, आणि एवढे मोजून साधं नाव लक्षात राहत नाही? या हिशेबाची लाजही वाटते आणि तो थांबतही नाही.

सगळ्यांनाच वाईट वाटतं असं मात्र नाही. काहींना चक्क हायसं वाटतं. "बरं झालं, यांचंही चुकतं" म्हणून ते मोकळेपणी हसतात. पण 'मी कुणाच्या खिजगणतीत नाही' हीच तक्रार घेऊन जो माणूस आलेला असतो, त्याला ही चूक म्हणजे पुरावाच वाटतो. चार भावंडांत मधली म्हणून वाढलेली मुलगी असेल, कायम 'अमुकची बायको' म्हणूनच ओळखली गेलेली बाई असेल, तर नेमकं दुखऱ्या जागीच बोट पडतं.

आजी चुकते तेव्हा राग का येत नाही?

नावाचं आणि आपलं नातं फार जुनं आहे. साडेचार महिन्यांचं बाळ इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाच्या आवाजाकडे जास्त लक्ष देतं, असं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. त्या वयात त्याला अजून नीट बसताही येत नाही. नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाचा १९५९ चा प्रयोगही प्रसिद्ध आहे. लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललंय ते त्यांना जवळजवळ काहीच सांगता येईना. पण त्याच कानात स्वतःचं नाव आलं तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. लग्नाच्या हॉलमधल्या गोंगाटात दूर कुणीतरी आपलं नाव घेतलं की आपली मान वळते, त्यातलाच हा प्रकार.

आता दुसऱ्या बाजूचं पाहू. नाव लक्षात ठेवणं खरंच अवघड काम आहे. एखादा चेहरा दाखवून 'हे सोनार, हा यांचा व्यवसाय' असं सांगितलं तर ते लक्षात राहतं. तोच चेहरा दाखवून 'हे सोनार, हे यांचं आडनाव' असं सांगितलं तर ते निसटतं. शब्द एकच, पण व्यवसायाला दुकान, भट्टी, तराजू असं काहीतरी चिकटतं, आडनावाला काहीच चिकटत नाही. इंग्रजीतल्या 'बेकर' या आडनावावरून हा प्रकार मानसशास्त्रात ओळखला जातो. दिवसाला पाच-सहा माणसांच्या आयुष्यात शिरणाऱ्या थेरपिस्टचं असंच होतं. तुमच्या आईनं दार लावून घेतलं होतं, ते दार हिरवं होतं, हे त्यांना आठवत असतं, आणि नाव मात्र जिभेवर दुसरंच येतं.

शिवाय चूक कशीही होत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये सतराशेहून अधिक लोकांची माहिती घेऊन एक अभ्यास झाला. त्यात असं दिसलं, की आपण नावांची अदलाबदल बहुधा एकाच गटातल्या माणसांमध्ये करतो. भावाला बहिणीच्या नावानं हाक मारतो, एका मित्राला दुसऱ्या मित्राच्या. घरच्या माणसांच्या यादीत कुत्र्याचं नावही सापडलं. मांजराचं फारसं नाही. (मांजर पाळणाऱ्यांनी यावर वाटेल तो निष्कर्ष काढावा.)

आपली आजी हेच तर करते. "अगं सीमा, नाही, वर्षा, अगं ही, काय गं तुझं नाव," असं म्हणत ती सगळ्या नातवंडांची हजेरी घेते आणि शेवटी आपल्यापर्यंत पोचते. आपण हसतो. कारण ती चुकली तरी कुठल्या यादीत चुकली हे आपल्याला माहीत असतं. ज्यांच्यावर तिचा जीव आहे त्यांची ती यादी. थेरपिस्टची यादी मात्र क्लायंटची असते. आपण त्या यादीत आहोत हे आपल्याला ठाऊक असतं, पण त्या पन्नास मिनिटांपुरतं ते विसरायला मिळतं, आणि चुकीचं नाव ते फट्‌कन आठवून देतं. माझ्या मते खरं दुखतं ते इथे.

ज्ञ, ऋ आणि ळ

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला नाव चुकण्याचा वेगळाच अनुभव असतो. इंदूर-भोपाळकडे प्रज्ञाची 'प्रग्या' होते आणि ऋतुजाची 'रितुजा'. ज्ञानेश्वर 'ग्यानेश्वर' होतात. ज्यांच्या आडनावात ळ आहे, त्या काळे, टिळक मंडळींनी तर 'ल' कधीच स्वीकारलेला असतो. बंगळूरु-हैदराबादला ळ वाचतो, पण तिथल्या फॉर्ममध्ये मधलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल होते आणि बाईंना त्यांच्या वडिलांच्या नावानं हाक मारली जाते.

हा खरं तर दोष नाही. हिंदीत ज्ञचा उच्चार ग्य असाच होतो. पण माहेरी, शाळेत, आजोळी ज्या आवाजात आपलं नाव ऐकलं, त्या आवाजात ते परगावी कुणी घेत नाही, ही बारीकशी टोचणी असते. मग आपणच सोपं करून देतो. "प्रग्या भी चलेगा." ऑफिसात चालतंही. पण थेरपीच्या खोलीत घरच्या गोष्टी सांगायच्या असतात आणि त्या गोष्टींतली मुलगी प्रज्ञा असते, प्रग्या नसते. अशा वेळी पहिल्याच भेटीत एकदा नीट उच्चार करून दाखवावा. समोरच्याला तो शंभर टक्के जमणार नाही, तरी त्यांनी दोनदा प्रयत्न करून पाहिला, तर तेवढ्यानंही बरं वाटतं.

नावच दुखणं असतं तेव्हा

काही नावं नुसती चुकत नाहीत, जखम उघडतात. घटस्फोटासाठी मदत घ्यायला आलेल्या बाईला प्रत्येक वेळी नवऱ्याच्या आडनावानं 'मिसेस अमुक' म्हणणं, हा त्यातला सगळ्यात नेहमीचा प्रकार. आधार कार्डावर तेच आडनाव असतं, म्हणून रिसेप्शनवरून तेच पुकारलं जातं.

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायची पद्धत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. अनेक बायकांना दोन नावं असतात, एक माहेरचं आणि एक तांदळातलं. आज साठीत असलेल्या कितीतरी जणींना पहिल्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. अशी बाई थेरपीला आली तर तिचं 'बरोबर' नाव कोणतं? फॉर्मवर आहे ते, की ज्या नावानं ती मनातल्या मनात स्वतःशी बोलते ते? ज्या थेरपिस्ट पहिल्या भेटीत "मी तुम्हाला काय म्हणू?" असं विचारतात, त्यांना याचं उत्तर आपोआप मिळतं. हा प्रश्न साधा आहे, पण मोठ्या क्लिनिकच्या छापील फॉर्ममध्ये तो क्वचितच असतो.

आडनावाचं आणखी एक. आपल्याकडे आडनावावरून जात शोधली जाते, म्हणून अनेक जण ते लावत नाहीत, वडिलांचं किंवा आईचं नाव लावतात. तिथे "पण आडनाव काय?" असं पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, तर तो माणूस पुढच्या वेळी येईलच याची खात्री नाही. तृतीयपंथी आणि ट्रान्स व्यक्तींसाठी तर जुनं नाव घेणं म्हणजे त्यांचं अस्तित्वच नाकारणं. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मान्य केला. घरात, बँकेत, दवाखान्यात रोज ते झगडा देत असतात. निदान थेरपीच्या खोलीत तो द्यावा लागू नये. इथे 'सवय नाही हो' ही सबब मला तरी चालण्यासारखी वाटत नाही.

सांगायचं कसं?

तिथल्या तिथे सांगितलेलं सगळ्यात बरं. "माझं नाव स्मिता" एवढं पुरतं. "सॉरी हं, पण..." अशी सुरुवात करायची गरज नाही, चूक तुमची नाही. त्या क्षणी जमलं नाही तर पुढच्या सेशनच्या सुरुवातीला सांगा: "मागच्या वेळी तुम्ही मला स्नेहा म्हणालात. मी तेव्हा बोलले नाही, पण नंतर दोन दिवस ते डोक्यात होतं." पहिल्या भेटीपासून चुकीचं नाव चालू असेल आणि आता चार महिन्यांनी कसं सांगायचं असं वाटत असेल, तर मेसेज करा. मेसेजमध्ये संकोच कमी होतो.

आणि हे सांगणं थेरपीबाहेरचं नाही. जी माणसं आयुष्यभर सासूला, साहेबाला, नवऱ्याला 'असं नको' म्हणू शकली नाहीत, त्यातले बरेच जण तेच शिकायला थेरपीला आलेले असतात. तो सराव इथे फुकटात मिळतो. थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्या नात्याला गेलेला तडा आणि त्याची दुरुस्ती यावर जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर मुरान या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. तडा जाणं नेहमीचंच, तो उघडपणे बोलून सांधता आला तर उपचाराला मदत होते, असा त्यांच्या कामाचा रोख आहे.

पण सांधायला समोरचाही हवा. चांगला थेरपिस्ट "चुकलं माझं, स्मिता" म्हणतो, एवढ्यावर थांबतो आणि मग विचारतो, "ऐकून कसं वाटलं?" काही जण इतकी माफी मागतात की शेवटी तुम्हालाच त्यांची समजूत काढावी लागते. सेशन तुमचं आहे, समजूत काढायला तुम्ही पैसे दिलेले नाहीत. आणि काही म्हणतात, "नावात काय एवढं?" किंवा लगेच "नावाचा तुम्हाला इतका त्रास का होतो ते पाहू या." हे शेवटचं विशेष डोक्यात जातं. आधी चूक मान्य करा, मग काय ते पाहा.

एकदा चुकणं माणसासारखं आहे. सांगितल्यानंतरही तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच झालं, आणि नावाबरोबर तुमच्या गोष्टीही दुसऱ्याच्या गोष्टींत मिसळू लागल्या, तुम्हाला मुलगा असताना "मुलगी कशी आहे?" असं विचारलं गेलं, तर थेरपिस्ट बदलायला हरकत नाही. त्यासाठी भांडण लागत नाही, शेवटचं सेशन घेऊन निरोप घेता येतो.

ऑनलाइन सेशन घेणाऱ्यांनी एवढं करावं. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवरून जोडलं गेलं, की स्क्रीनवर त्यांचंच नाव झळकतं आणि थेरपिस्ट "हॅलो रोहन" म्हणून सुरुवात करतात. जोडण्याआधी ते नाव बदलून स्वतःचं टाका, हवं तर माहेरचं टाका. पावती मात्र ओळखपत्रावरच्या नावानंच मागून घ्या, विम्याला लागली तर अडचण नको. हाक मारायचं नाव आणि पावतीवरचं नाव वेगळं असायला काहीच हरकत नाही, तेवढं आधी सांगून ठेवा.