दहा-एकमधला तो ‘एक’

म्हैसूर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो दसरा, राजवाडा, चंदन आणि अर्थातच म्हैसूरपाक. फुटबॉल काही येत नाही. पण ज्या राज्याचं नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं, ते तेव्हाचं म्हैसूर राज्य फुटबॉलमध्ये दादा होतं. १९४६-४७ आणि १९५२-५३ मध्ये संतोष ट्रॉफी म्हैसूरने जिंकली, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरवलं ते फुटबॉलवेड्या बंगालला!

याच मातीतले एक फॉरवर्ड म्हणजे बंगळूरचे अहमद खान. जन्म १९२६ चा. अनवाणी पायाने चेंडू असा खेळवायचे की समोरचा बचावपटू नुसता बघत राहायचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ उतरला, तेव्हा अकरापैकी आठ जण अनवाणी होते. फ्रान्सकडून आपण १-२ असे हरलो. भारताचा तो एकमेव गोल केला म्हैसूर राज्याच्याच एस. रामन यांनी. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या, नाहीतर निकाल वेगळा लागता.

पुढे अहमद कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद आणि सालेह ही आक्रमणाची फळी. पाचही जण दक्षिणेतले. बंगाली प्रेक्षकांनी त्यांना नाव दिलं ‘पंचपांडव’. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षं आयएफए शिल्ड त्यांच्या क्लबकडे होती. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळालं, त्याही संघात अहमद होते.

मग आलं १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक. थंड हवा, परकं मैदान आणि आपले बरेच खेळाडू अजूनही अनवाणी. युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. त्यातला तो ‘एक’ गोल अहमद यांचा, सामना संपता संपता केलेला. दहा गोल खाल्ल्यावरही हा माणूस पुढे धावत होता.

आता जरा जर्मनीकडे बघू. दोनच वर्षांनी, ४ जुलै १९५४ ला, बर्नमध्ये भर पावसात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पहिल्या आठ मिनिटांत हंगेरी २-० ने पुढे. पण जर्मन खेळाडूंच्या बुटांचे खिळे स्क्रूने बदलता येत होते. चिखल दिसला की लांब खिळे बसवायचे! हेल्मुट रान या फॉरवर्डने ८४ व्या मिनिटाला विजयी गोल मारला आणि जर्मनी ३-२ ने जिंकली. रान जर्मनीत घराघरांत पोहोचला.

रानचं कौतुक कमी करायचं नाही. पण त्याच्या पायामागे बूट बनवणारा होता, मैदान बघून तयारी करणारी माणसं होती. आपल्याकडे पायात कसब होतं, पाठीशी तयारी नव्हती. १९५० च्या विश्वचषकाला आपण गेलोच नाही. अनवाणी खेळू देईनात म्हणून गेलो नाही, असं अजून सांगतात. संघातले शैलेन मन्ना यांनी मात्र ते खोडून काढलं होतं. तेव्हा आपल्या संघटनेला विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठं वाटत होतं. अहमद तेव्हा २३ वर्षांचे होते. ऐन उमेदीतली ती संधी पुन्हा आली नाही.

हेलसिंकीनंतर मात्र बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत चौथा आला. त्या संघात अहमद नव्हते. पण ज्या पराभवाने आपले डोळे उघडले, तो त्यांनी मैदानावर उभं राहून सोसला होता.

२०१७ मध्ये, नव्वदीत, अहमद खान बंगळूरमध्येच गेले. घरातलं कुणी नव्या बुटांची नाडी बांधून मैदानावर निघालं असेल, तर त्याला या पंचपांडवांची नावं जरूर सांगा. दारातून बाहेर पडायच्या आधी पाचही पाठ होतील!