स्टेन गन आणि धोबीखाना

मुलांना आपण उझीचे नाव कौतुकाने सांगतो. तिच्याआधीची स्टेन मात्र कोणी सांगत नाही. १९४१ साली इंग्लंडात निघालेली ही बंदूक म्हणजे नळी, पत्रा आणि वेल्डिंग. त्यामुळेच हगानाला ती लहान वर्कशॉपात गुपचूप बनवता आली. पण गोळ्यांविना बंदूक काय कामाची? त्या रेहोवोतजवळ जमिनीखाली बनत. वर बेकरी व धोबीखाना. धुलाईच्या यंत्राच्या आवाजात कारखान्याचा आवाज लपे. उन्हाविना चेहरे फिकट दिसू नयेत म्हणून कामगार खास दिव्याखाली बसत. १९४८ पर्यंत २० लाखांहून अधिक गोळ्या तयार झाल्या. आज तिथे संग्रहालय आहे. आम्हाला वाटते, आपल्या बेने इस्राएल मुलांना बंदुकीआधी तो धोबीखाना दाखवावा.