पोटावरची पिशवी काढायची आहे? दुसऱ्या ऑपरेशनची रजा आधी मोजा

आतडे फुटणे, आतड्याला पीळ पडणे, पोटाला मार लागणे किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग अशा कारणांनी तातडीचे ऑपरेशन होते आणि शौचासाठी पोटावर वाट काढून पिशवी लावली जाते. याला कोलोस्टॉमी म्हणतात. ती तात्पुरती असेल तर काही महिन्यांनी आतडे पुन्हा जोडून वाट बंद करतात. हे रिव्हर्सल. घरात त्याला 'आता फक्त पिशवी काढायची राहिली' असे म्हटले जाते. पण हे पोटाचे दुसरे ऑपरेशन आहे आणि त्याचीही तयारी लागते.

देहू, तळवडे, चिखली, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात ही तयारी फक्त शरीराची नसते. इथे अनेक घरे एका पगारावर चालतात, आणि तो पगारही बऱ्याचदा कंत्राटी असतो. उपचाराचा खर्च भागवण्याची सोय अलीकडे वाढली आहे. मात्र बुडणाऱ्या पगाराचा प्रश्न तसाच आहे, आणि रिव्हर्सल पुढे ढकलण्याचे ते एक मोठे कारण ठरू शकते.

उपचाराचा खर्च: काय बदलले?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून विस्तारित स्वरूपात लागू झाली. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. आता ते पाच लाख आहे आणि पांढरे रेशनकार्ड असलेली कुटुंबेही त्यात आली आहेत. म्हणजे मराठवाड्यातून किंवा विदर्भातून चाकणला कामाला आलेल्या कुटुंबालाही रेशनकार्डावर लाभ मागता येतो.

योजनेतील काही उपचार मात्र शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात. म्हणून भरती होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर तीन गोष्टी विचारा: कोलोस्टॉमी बंद करण्याचे पॅकेज या रुग्णालयात मिळते का, आधीच्या तपासण्या त्यात धरल्या आहेत का, आणि कोणती कागदपत्रे लागतील.

पगाराचा हिशेब: ९१ आणि ७८

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. आजारपणात रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, पण वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. दुसरी अट वर्गणीची. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये ही रक्कम मिळते. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरसाठी धरतात.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कामगाराचे तातडीचे ऑपरेशन १० जूनला झाले. एप्रिल, मे आणि जूनचे ९ दिवस धरून ७० दिवस होतात. तो सप्टेंबरअखेर कामावर परतलाच नाही, तर ७८ भरत नाहीत. मग रिव्हर्सल जानेवारीत झाले तर त्या रजेचे पैसे मिळणार नाहीत. तेच डिसेंबरमध्ये झाले आणि ९१ पैकी दिवस शिल्लक असतील, तर तेवढ्या दिवसांचे मिळू शकतात.

ऑपरेशनची तारीख पैशावरून ठरवू नये, ती शरीर ठरवते. पण शरीर तयार असेल आणि तारीख पुढे-मागे करता येणार असेल, तर हा हिशेब सर्जनसमोर जरूर मांडा. पिशवी असतानाही अनेकांना बसून करायचे हलके काम जमते. डॉक्टरांनी परवानगी दिली तर मधले काही आठवडे कामावर गेल्याने वर्गणीचे दिवस भरतात आणि रजा उरते. आपली वर्गणी खरोखर भरली जाते का, हे ठेकेदाराच्या शब्दावर न सोडता ईएसआय कार्यालयात तपासा. मूळ आजार कर्करोगाचा असेल तर वाढीव आजारपण लाभाबद्दल विचारा. त्याचा दर ८० टक्के आहे, पण किमान दोन वर्षांच्या विमित नोकरीसारख्या अटी आहेत.

ऑपरेशन कधी?

आतड्याचा वेटोळा बाहेर आणून केलेली लूप कोलोस्टॉमी बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी बंद करता येते. हार्टमन प्रकारात आतड्याचे खालचे टोक शिवून आत ठेवलेले असते. तिथे साधारण तीन ते सहा महिने, कधी अधिक थांबतात आणि ऑपरेशनही मोठे असते. केमोथेरपी सुरू असेल तर आणखी थांबावे लागते. काही रुग्णांत धोका जास्त असल्याने पिशवी कायम ठेवणेच शहाणपणाचे ठरते. तुमचा प्रकार कोणता, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. ते जपून ठेवा.

आधीची तयारी

- खालच्या आतड्याची तपासणी होते: औषध सोडून काढलेला एक्स-रे किंवा दुर्बिणीची तपासणी. गुदद्वाराच्या स्नायूंची ताकदही पाहतात.
- हिमोग्लोबिन, प्रथिने आणि साखर सुधारून घ्या. डाळी, अंडी, दूध, पनीर पचेल तसे वाढवा.
- तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी किमान चार आठवडे आधी बंद करा. जोड भरून यायला त्याने अडथळा येतो.
- शौच रोखून धरताना आवळतो तसे स्नायू आवळण्याचा व्यायाम आतापासून करा.
- रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः बंद करू नका.

पिशवी असताना गुदद्वारातून अधूनमधून पांढरट चिकट स्राव येणे सामान्य आहे.

नंतरचे दिवस

लूप प्रकारात साधारण तीन ते सात दिवस रुग्णालयात राहावे लागते, हार्टमनमध्ये जास्त. सुरुवातीचे काही आठवडे शौच पातळ होते, वारंवार होते आणि घाई लागते. गुदाशयाचे ऑपरेशन झालेल्यांना हा त्रास अनेक महिने राहू शकतो. कोमट पाण्याने धुवा, घासू नका आणि मलम लावा.

मऊ भात, वरण, ताक, केळे यांनी सुरुवात करा. शेंगदाणे, मका, कच्ची कोशिंबीर, तिखट हे हळूहळू वाढवा. एकादशीची शेंगदाण्याचे कूट घातलेली तेलकट साबुदाणा खिचडी पहिले काही आठवडे टाळलेली बरी. उपवासच टाळता आला तर उत्तम.

रोज थोडे चालणे पहिल्या दिवसांपासून चांगले. मात्र सहा ते आठ आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका. लोडिंग, प्रेस शॉप अशी कामे सर्जनच्या लेखी परवानगीनंतरच करा, नाहीतर जखमेच्या जागी हर्निया होऊ शकतो. हलक्या कामाची गरज प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहून घ्या. जखम पूर्ण भरेपर्यंत इंद्रायणीत स्नान नको. देहू ते पंढरपूर पायी वारी तीन महिने तरी नको, आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच.

लगेच रुग्णालय गाठा

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगून वारा किंवा शौच न होणे, सतत उलट्या, छातीत धडधड, जखमेतून पू किंवा मळ येणे. जोड गळत असल्याची ही चिन्हे असू शकतात. असे बहुधा पहिल्या दहा दिवसांत होते, म्हणजे कधी कधी घरी आल्यानंतर. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका आणि दुखणे थांबवणारी गोळी घेऊन झोपू नका.

पुढच्या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, रेशनकार्ड आणि ईएसआयचे उरलेले दिवस लिहिलेला कागद सोबत न्या. सर्जनला विचारा: 'माझा प्रकार कोणता, तारीख साधारण कधी, आणि मला किती आठवडे काम करता येणार नाही?' या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की घरखर्चाची सोय आधीच लावता येते.