पाचोळ्याला काडी

फाल्गुन लागला की मंद्रूपच्या शिवारात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. झाडं पानं टाकतात आणि माणसं ती पेटवतात. संध्याकाळी सोलापूर-विजयपूर रस्त्यानं जा, एखाद्या तरी बांधावर धूर दिसेलच. ज्वारी निघालेली असते, रान मोकळं असतं. 'बांध साफ करून घेऊ' म्हणत काडी ओढली जाते. माझं भांडण या काडीशी आहे.

शाळेच्या भूगोलात पानगळीचं जंगल म्हटलं की ओक, बीच, मॅपल, युरोप-अमेरिकेतलं. तिथं पानं ऑक्टोबरच्या सुमारास गळतात, थंडीमुळे, असं आपण पाठ केलं. पण खरं दुखणं तिथंही पाण्याचंच. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पानांवाटे ते उडतच राहतं. म्हणून झाड पानातला बराचसा नत्र आधीच माघारी घेतं, देठाशी बूच बसवतं आणि पान सोडून देतं. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. पुढं नुसतं ऊन. कडुलिंब, पिंपळ, पळस तोच हिशेब माघ-फाल्गुनात करतात.

पण खरी करामत आपल्याच झाडांची. ओक ऊब आल्यावर फुटतो. कडुलिंब मात्र पाऊस दोन-तीन महिने लांब असताना, ऊन चढत असताना फुटतो; पाडव्याच्या गुढीला कोवळी डहाळी तयार असते. पाणी कुठून आलं? पानं टाकल्यावर खर्च थांबला आणि खोल मुळांनी ओढलेली ओल खोडात साठली. पळस तर पानांच्याही आधी फुलतो. ज्वारीवर उतरणारे आणि गोफणीच्या धन्याला नकोसे झालेले भोरड्यांचे थवे जाता जाता त्या फुलांतल्या मधावर तुटून पडतात आणि मग मध्य आशियाकडे परततात.

आता खाली पडलेल्या पानाचं. गांडुळं पानं बिळात ओढून नेतात आणि त्यांची माती होते, हे चार्ल्स डार्विननं १८८१ साली अख्खं पुस्तक लिहून सांगितलं. ते ओल्या इंग्लंडात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, गांडूळ खोल दडी मारतं. तेव्हा पाचोळा वाळवीच्या ताब्यात जातो. चौकट खाते म्हणून आपण तिला शिव्या देतो, पण बांधावर माती करायचं काम आधी ती करते आणि मग पाऊस. काडी लावली की पानात उरलेला नत्र धुरात जातो. राख वळवाच्या पहिल्या सरीत ओघळीनं सीनेत नाहीतर भीमेत. या दोन्ही नद्यांचा संगम हत्तरसंग कुडलला, म्हणजे आपल्या बांधांची राख शेवटी एकत्रच येते म्हणायची.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. टिटवी आणि तितर जमिनीवरच अंडी घालतात, तीही याच उन्हाळ्यात. सरड्यांना, गोगलगाईंना पळायला वेळ मिळत नाही. बोरीची, पळसाची रोपं जळतात. मोठ्या झाडाचा बुंधा दरवर्षी थोडाथोडा भाजतो, पोकळ होतो आणि एखाद्या वादळात आडवा पडतो. मग 'वठलंच होतं' म्हणून सरपण.

काही जण हे मुद्दाम करतात, हेही बोलायला हवं. सावलीत ज्वारी येत नाही, आणि उभं झाड तोडायचं म्हणजे परवानगीची भानगड. आग परवानगी मागत नाही. त्यांना माझं काही सांगणं नाही, ते जाणून करतात. सांगणं आहे ते सवयीनं काडी ओढणाऱ्यांना. यंदा पाचोळा दाताळ्यानं ओढा, लिंबोणीच्या नाहीतर डाळिंबाच्या आळ्यात वीतभर पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. उरला तर उकिरड्यात टाका. आणि शेजाऱ्यानं बांध पेटवला तर आपल्या बाजूनं विझवायला जा.