विषाची वाट, बंदुकीचे ओझे

जुलै २०२३ मध्ये पाकिस्तानातून एक कबुली आली. पंतप्रधान शाहबाज शरीफ यांचे त्यावेळचे विशेष साहाय्यक मलिक मोहम्मद अहमद खान यांनी पत्रकार हमीद मीर यांच्याशी बोलताना, कसूर भागातील तस्कर ड्रोनच्या साहाय्याने भारतात अमली पदार्थ पाठवतात, हे मान्य केले. खान हे स्वतः कसूरचे राजकारणी. म्हणजे साक्ष घरच्याच माणसाची! सीमा सुरक्षा दल वर्षानुवर्षे जे सांगत होते, त्यावर पलीकडूनच शिक्कामोर्तब झाले. तरीही हा विषय आपल्याकडे 'पंजाबातील तरुणांचे व्यसन' याच सदरात मोडतो आणि तेथेच त्याची वासलात लागते.

व्यसनाचा प्रश्न लहान आहे असे नव्हे. 'एम्स'च्या सहकार्याने २०१५ मध्ये झालेल्या पाहणीत पंजाबातील अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाधीनांची संख्या सुमारे २ लाख ३२ हजार आणि या पदार्थांवर होणारा वार्षिक खर्च सुमारे ७,५०० कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला गेला. व्यसनाधीनांत बहुतांश १८ ते ३५ वयोगटातील पुरुष होते. ज्या प्रांताने सैन्याला पिढ्यान्‌पिढ्या जवान दिले, तेथील ही अवस्था आहे. परंतु हे ७,५०० कोटी जातात कोठे, हा पुढचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

पंजाबची पाकिस्तानशी असलेली सीमा ५५३ किलोमीटरची. दहशतवादाच्या काळात, १९८८ ते १९९३ या वर्षांत, तिच्यावर काटेरी तारेचे कुंपण उभे राहिले. शस्त्रांची ये-जा त्याने बऱ्याच अंशी रोखली. तस्कराने मात्र वाट सोडली नाही, साधन बदलले. कुंपणाच्या तारांतून प्लास्टिकचे लांब पाइप सारून त्यातून हेरॉईनच्या पुड्या अलीकडे ढकलल्या जाऊ लागल्या. रावी आणि सतलज जेथे सीमेला वेढे घालतात, तेथील पाणथळ जागा तर होत्याच. राजरोस मार्गही वर्ज्य नव्हता. जून २०१९ मध्ये अटारीच्या एकात्मिक तपासणी नाक्यावर पाकिस्तानातून आलेल्या सैंधव मिठाच्या पोत्यांत ५३२ किलो हेरॉईन सापडले. आणि मग आले ड्रोन. सीमा सुरक्षा दलाने पंजाब सीमेवर २०२३ मध्ये १०७ ड्रोन हस्तगत केले. २०२४ मध्ये हा आकडा २९४ झाला. हे केवळ हाती लागलेले. जे ओझे टाकून सुखरूप परतले, त्यांची मोजदाद कोण करणार?

येथेच या विषयाचे खरे मर्म आहे. वाट एकदा पडली की तिच्यावरून काय जाते, हे वाट ठरवीत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये तरनतारन जिल्ह्यात एके-४७ रायफली पकडल्या गेल्या, त्या ड्रोननेच आल्याचे तपासात निष्पन्न झाले. एप्रिल २०२० मध्ये अमृतसरमध्ये हिज्बुल मुजाहिदीनचा एक हस्तक २९ लाख रुपयांसह पकडला गेला आणि हा पैसा हेरॉईनच्या विक्रीचा असल्याचे तपास यंत्रणांनी सांगितले. मे २०२२ मध्ये मोहाली येथील पोलिसांच्या गुप्तवार्ता मुख्यालयावर आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरहाली पोलीस ठाण्यावर रॉकेटने डागलेले ग्रेनेड येऊन पडले. पंजाबी तरुणाने व्यसनापायी मोजलेला रुपया काश्मीरमध्ये गोळी होऊन जवानाच्या छातीत शिरू शकतो, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे व्यसनमुक्ती आणि राष्ट्रसुरक्षा ही दोन वेगळी खाती राहत नाहीत.

जुलै २०२२ मध्ये गायक सिद्धू मूसेवाला यांच्या हत्येतील दोन संशयित मारेकरी पोलीस चकमकीत मारले गेले. त्यांच्याजवळ एके-४७ होती. चकमक घडली ते गाव अटारीजवळचे भकना. गदर पक्षाचे पहिले अध्यक्ष बाबा सोहनसिंग भकना यांचे गाव. ज्या मातीतून क्रांतिकारक निघाले, तेथे आज भाडोत्री मारेकरी आसरा शोधत येतात.

महाराष्ट्राला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. जुलै २०२२ मध्ये न्हावाशेवा बंदरातील एका कंटेनरमधून सुमारे ७३ किलो हेरॉईन पकडले गेले. ती कारवाई पंजाब पोलीस आणि महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाची संयुक्त होती. पण त्याहून जुनी जखम १९९३ ची. रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे जी खोकी उतरली, ती चांदीच्या तस्करीच्या सरावातल्या वाटेनेच. वाटेवरच्या काही पोलिसांनी आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे हात ओले करून घेतले. आत आरडीएक्स होते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. लाच घेणाऱ्यांना पुढे विशेष न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

म्हणूनच पाकिस्तानला दूषणे देऊन हा विषय संपत नाही. शत्रू आपले काम करणारच. पण ड्रोन टाकतो ते पाकीट उचलणारा हात भारतीय असतो, ते गाडीत घालून नाक्यापुढे नेणाराही भारतीय आणि नाक्यावर नजर फिरवणाराही. अटकेत पडतो तो बहुधा पाकीट उचलणारा. दोन-चार हजारांसाठी राबणारा, अनेकदा स्वतःच व्यसनी. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर कोण उभे आहे, याचा माग काढताना तपासाचे पाय जड होतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने पंजाबात सीमा सुरक्षा दलाचे अधिकारक्षेत्र १५ वरून ५० किलोमीटरपर्यंत वाढवले. त्यावर संघराज्याच्या नावाने केवढा गदारोळ! पंजाब सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. वस्तुतः दलाला झडती, जप्ती आणि अटक एवढेच करता येते. आरोपी आणि मुद्देमाल पोलिसांकडेच सोपवावा लागतो, खटला पोलिसांनीच उभा करायचा असतो. निर्णय योग्यच होता. मात्र त्याने सारे साधेल असे केंद्रानेही मानू नये. पुढचा तपास लंगडा राहिला, तर १५ काय आणि ५० काय, पकडलेला उद्या जामिनावर गावात परततो.

कुंपण सीमारेषेच्या आत आहे. त्यामुळे शेतकऱ्यांची हजारो एकर जमीन तारेपलीकडे पडली आहे. ओळखपत्र दाखवून, झडती देऊन, ठरलेल्या वेळेत फाटकातून जायचे आणि परतायचे, उंच वाढणारे पीक घ्यायचे नाही, अशी ही शेती गेली तीन दशके चालू आहे. कोणी एखादा तस्करांना सामील झाला की सारे गाव संशयित ठरते. वास्तविक, रात्री ड्रोनची घरघर प्रथम याच शेतकऱ्याच्या कानी पडते. ती ऐकून त्याने ठाण्यात फोन करावा की मुकाट्याने दाराला कडी घालावी, हे फोन उचलणाऱ्यावर त्याचा किती भरवसा आहे, यावर ठरते.