गॉगल एकच आहे



‘हे काम बायांचं नाही, धोक्याचं आहे,’ हे वाक्य आपण प्रत्येकीने कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. मी ते धर्मापुरीत, रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानात ऐकलं. ऊसतोडीला जाणं सुटल्यावर मी तिथे हेल्पर म्हणून लागले. ट्रॉल्या, टायरगाड्या, शेतीची अवजारं दुरुस्तीला यायची. जाड लोखंड गॅसने कापायचे. कटर कारागिराच्या हातात. मी समोर बसून अँगल धरायचा, तापलेले तुकडे उचलायचे, खालचा कचरा झाडायचा. त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल. मला सांगणं एवढंच, ‘वैनी, तोंड तिकडं करा.’

एक दिवस ठिणगी पदरावर पडली. साडी नायलॉनची. नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं. मनगटावर तो डाग अजून आहे. मालक मलम देत म्हणाले, ‘म्हणून तर सांगतो, बायांचं काम न्हाई हे.’ म्हणजे भाजले मी, आणि त्यावर निकाल असा की मी कटर शिकायचा नाही! अँगल मात्र दुसऱ्या दिवशीही मीच धरायचा.

मग मी एका म्हाताऱ्या कारागिराच्या मागे लागून काम समजून घेतलं. तेव्हा कळलं की आपल्याला सांगितलं जातं ते अर्धंच आहे. ॲसिटिलीनची ज्योत लोखंड कापत नाही, ती फक्त लालभडक तापवते. मग दांडी दाबली की ऑक्सिजनचा झोत सुटतो, त्यात लोखंड स्वतःच जळतं आणि वितळलेला मळ खालच्या, पलीकडच्या बाजूला उडतो. पलीकडे कोण बसलेलं असतं? हेल्पर. धोका टाळायचाच असेल तर पहिला गॉगल तिला हवा होता.

बाकीचे नियमही काही मर्दानी नाहीत. काळं सिलिंडर ऑक्सिजनचं, तपकिरी-लाल ॲसिटिलीनचं. दोन्ही उभी ठेवून साखळीने बांधायची. ॲसिटिलीनचा दाब १ किलोच्या वर न्यायचा नाही, नाहीतर तो गॅस आपोआप फुटू शकतो. ऑक्सिजनच्या वॉल्व्हला तेलाचा, ग्रीसचा हात लावायचा नाही, तिथे तेल पेट घेतं. ऑक्सिजनने अंगावरची धूळ उडवायची नाही. आग नळीतून उलटी फिरू नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर बसवायचा. काडेपेटी नाही, चकमकीचा लायटर वापरायचा. गळती साबणाच्या पाण्याने तपासायची. डिझेलचा रिकामा ड्रम तसाच कापायचा नाही, आतली वाफ स्फोट करते. अंगात जाड सुती कपडे, हातात चामड्याचे मोजे, पायात बंद बूट.

यातलं बाईला न जमणारं कोणतं? घरच्या शेगडीची नळी साबणाच्या पाण्याने आपणच तपासतो ना?

‘बाईच्या जिवाची काळजी’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. आमच्या बीड जिल्ह्यातल्या बाया पहाटेच्या काळोखात उसाच्या फडात कोयता चालवतात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. तेव्हा धोका आठवत नाही? ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्या, म्हणून २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्याआधी कोणी म्हणालं का, की ऊस तोडणं बायांचं काम नाही? नाही. कारण तिथे मजुरी नवरा-बायकोची मिळून एक कोयता म्हणून धरतात. जिथे कसब आहे आणि कसबाचे पैसे वेगळे मिळतात, नेमका तिथेच धोका आठवतो.

कायद्यानेही बरीच वर्षं हीच वाट धरली. १९४८च्या कारखाने कायद्यात धोक्याच्या कामांवर बायांना बंदी घालायचा अधिकार सरकारला होता. २०२०ची सुरक्षा व आरोग्य संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ती म्हणते की सर्व प्रकारच्या कामांवर स्त्रियांचा हक्क आहे, आणि काम धोक्याचं असेल तर मालकाला आधी पुरेशी संरक्षणं द्यायला लावता येतील. म्हणजे बाईला हटवायचं नाही, धोका हटवायचा. पण दोन-चार माणसांच्या दुकानापर्यंत हे कोण पोचवणार? आपणच.

म्हणून संघटनांना माझं सांगणं आहे. शिवणयंत्रं आणि पापड-लोणच्यांच्या पुढे चला. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला मुली बसवा, त्या टिकतील हे बघा. गावातल्या दुकानांत जा आणि विचारा, इथे माणसं किती आणि गॉगल किती? हेल्परला गॉगल, मोजे, बूट मिळेपर्यंत दारातून हलू नका.

आणि पुन्हा कोणी म्हणालं, ‘धोक्याचं आहे,’ तर भांडू नका. फक्त म्हणा, ‘बरं, मग आधी मला गॉगल द्या. आणि मग कटर.’