घरचा नळ, दारचे गटार



भोपाळ ही तलावांची नगरी. तेथील बडा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून निर्माण केला, असे परंपरा सांगते. आजही नगराचा काही भाग त्याचेच पाणी पितो. तथापि त्याच नगरातील काही वस्त्यांना शुद्ध पाण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९८४ च्या डिसेंबरातील वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला; परंतु तेथे टाकलेली रसायने जमिनीत झिरपून हातपंपांचे पाणी दूषित झाले. अखेर २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश दिला.

इतक्या सायासाने दारी आलेले पाणी शेवटच्या दहा हातांत नासावे, याहून खेदाची गोष्ट कोणती? पाणी वाहते तोवर फुटक्या नळातून ते बाहेर गळते. पुरवठा थांबला, की दाब उतरतो आणि तेच छिद्र भोवतालची घाण आत ओढते. विषमज्वर, कावीळ व हगवण या वाटेने घरात शिरतात, आणि प्रथम लेकरांना गाठतात.

परीक्षा सोपी आहे. पाण्याच्या वेळी साऱ्या तोट्या बंद कराव्या. तरीही मीटर फिरत असेल, तर मीटरपुढे कोठेतरी गळती आहे. मीटर नसेल, तर नळाच्या वाटेवर सदैव ओली राहणारी जागा शोधावी. गळती सार्वजनिक नळाला असल्यास पंचायतीस वा नगरपालिकेस कळवावे. स्वतः खणू नये. आपल्या हद्दीत असल्यास कॉक बंद करून, गंजलेला तुकडा कापून नवा बसवून घ्यावा. चिंधी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळणे हा केवळ रात्रीपुरता उपाय होय. नळ गटारातून गेला असेल, तर त्याची वाटच बदलावी. दुरुस्तीनंतर पाणी नितळ होईपर्यंत वाहू द्यावे व काही दिवस उकळूनच प्यावे.

आपल्या नळात शिरलेली घाण कधी शेजाऱ्याच्या हंड्यातही उतरते, हे विसरू नये. म्हणून ही दुरुस्ती म्हणजे केवळ घरखर्च नव्हे; ते शेजारधर्माचे ऋण आहे. येत्या रविवारी मिस्साहून परतल्यावर, पाणी आले की, पाच मिनिटे मीटरपाशी उभे राहा.